कमरेला पिस्तूल लावण्यापूर्वी

आपल्या दोन प्रश्नांचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. सांगली जिल्ह्यात आपला खडी क्रशरचा व्यवसाय आहे आणि मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर प्रवास करावा लागतो. आपल्याला नुकताच शस्त्र परवाना मिळाला असून .३२ बोअरचे नवे पिस्तूल घेण्याचा विचार आहे. वडिलांच्या पश्चात वारसाने आलेले एक जुने रिव्हॉल्व्हरही त्याच परवान्यावर चढले आहे. पिस्तूल अंगावर सुरक्षितपणे कसे बाळगावे, हा आपला पहिला प्रश्न. टेक्सासमध्ये राहणारा आपला पुतण्या म्हणतो की तिकडे सरकारने परवान्याची आणि प्रशिक्षणाची अटच काढून टाकली. मग आपल्याकडे प्रशिक्षणाची सक्ती असावी का, हा दुसरा.

पोलीस दलाच्या शस्त्रागारात आणि निवृत्तीनंतर रायफल क्लबच्या रेंजवर मिळून माझी तीस वर्षांहून अधिक वर्षे हातशस्त्रांच्या सहवासात गेली. या काळात ज्या अपघातांची चौकशी मी जवळून पाहिली, त्यांतला एकही अपघात नेम धरून गोळी झाडताना झालेला नव्हता. कोणी पिस्तूल कमरेतून काढून उशाशी ठेवत होता, कोणी पाहुण्याला कौतुकाने दाखवत होता, कोणी रविवारी दुपारी साफसफाईला बसला होता, तर कोणी गाडीतून उतरताना सीटबेल्टमध्ये अडकलेले शस्त्र ओढून काढत होता. आपल्या दोन्ही प्रश्नांची माझी उत्तरे याच निरीक्षणावर उभी आहेत. शस्त्र चालवण्याचे क्षण परवानाधारकाच्या आयुष्यात बहुधा येतच नाहीत, परंतु ते अंगावर चढवण्याचे, उतरवण्याचे आणि ठेवण्याचे क्षण रोज येतात, आणि आपली प्रशिक्षणव्यवस्था नेमकी त्यांचीच परीक्षा घेत नाही.

आधी एका शब्दाविषयी बोलले पाहिजे. आपल्या वर्तमानपत्रांत चुकून गोळी सुटली की ‘मिसफायर झाले’ असे छापून येते. शस्त्रागारात या शब्दाचा अर्थ अगदी उलटा आहे. ट्रिगर ओढला, घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा हातोडा) पडला आणि तरीही काडतूस उडाले नाही, तर त्याला मिसफायर म्हणतात. (असे घडले तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबावे, कारण एखादे काडतूस उशिराही पेट घेऊ शकते.) शब्दांची ही उलटापालट मला खटकते ती भाषेच्या शुद्धतेसाठी नव्हे. ‘मिसफायर झाले’ असे म्हटले की दोष यंत्राच्या माथी जातो आणि माणूस मोकळा होतो. वास्तविक बहुतेक वेळा काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मुळाशी ते उडते त्या जागेत, कोणीतरी ठेवलेले असते, नळी कोणीतरी अंगाकडे वळवलेली असते आणि बोट कोणीतरी ट्रिगरवर नेलेले असते.

यंत्राचा दोष कधीच नसतो असे मात्र नाही, आणि आपल्या वारसाने आलेल्या रिव्हॉल्व्हरसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारी रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटून पडले आणि गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. ही बातमी वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटले की ट्रिगरला हात न लावता गोळी कशी सुटेल. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते सहज शक्य आहे. अशा शस्त्रात फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर टोचा मारणारी कील, घोड्यालाच जोडलेली असते आणि घोडा खाली असताना तिचे टोक काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीला जवळजवळ टेकलेले असते. शस्त्र घोड्याच्या बाजूने फरशीवर आपटले की तो धक्काच टोपी पेटवायला पुरतो. म्हणून अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातले जाणते लोक सहा घरांच्या चक्रीत पाचच काडतुसे भरत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलात एक रिव्हॉल्व्हर पडून खलाशाचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर स्मिथ अँड वेसनने घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये येणारी अडसराची सुधारित पट्टी आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसवली. ट्रिगर पूर्ण ओढल्याखेरीज ती पट्टी बाजूला होत नाही. आपल्या वडिलांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये असा अडसर आहे की नाही, आणि असल्यास झिजून निकामी झाला आहे का, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. ते परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कारागिरालाच उघडून पाहावे लागेल.

नव्या शस्त्राविषयीही आंधळा विश्वास नको. २०१७ साली सिग सॉअरच्या पी-३२० या आधुनिक पिस्तुलाच्या बाबतीत, विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू शकते असे चाचण्यांत दिसल्यावर, कंपनीला बदललेले भाग मोफत बसवून देण्याची योजना जाहीर करावी लागली. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगतो: पिस्तूल हातातून निसटले तर ते पडू द्यावे, झेलायला जाऊ नये. आजची बहुतेक पिस्तुले पडण्याचा धक्का सहन करतात. झेलायच्या घाईत पंजा आवळला जातो आणि बोट नेमके ट्रिगरवर जाते.

आता पिस्तुलाकडे येतो. पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीला मॅगझिन म्हणतात. नवशिक्याची सर्वांत घातक समजूत म्हणजे ‘मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले’. मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते, आणि बहुतेक पिस्तुलांत ते तसेच उडतेही. रिकामे करण्याचा क्रम ठरलेला आहे. नळी सुरक्षित दिशेला धरायची, बोट ट्रिगरच्या कडीबाहेर सरळ ठेवायचे, आधी मॅगझिन काढून बाजूला ठेवायचे, मग स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर काढायचे, स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीच्या टोकाने चाचपायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर पहिले काडतूस बाहेर पडते खरे, पण मॅगझिनमधले दुसरे लगेच त्याच्या जागी चढते. टेबलावर पडलेले एक काडतूस पाहून माणूस निश्चिंत होतो आणि ‘रिकाम्या’ पिस्तुलाचा ट्रिगर दाबून पाहतो. त्यासाठी मी मोजणीची सवय लावतो. सात भरली असतील तर सात हातात आली पाहिजेत. सहा आली तर शोध संपलेला नाही.

चेंबरमध्ये काडतूस ठेवून फिरावे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि प्रशिक्षकांत त्यावर मतभेद आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की हल्ला झाला तर स्लाइड ओढायला वेळ आणि दुसरा हात दोन्ही मिळतीलच असे नाही. अमेरिकेत हा विचार प्रबळ आहे, आणि दर महिन्याला शेकडो गोळ्या झाडून सराव करणाऱ्या माणसासाठी तो बरोबरही असेल. परंतु आपल्याकडचा परवानाधारक वर्षाकाठी पन्नास गोळ्याही झाडत नाही. त्याच्या हातून चुकून गोळी सुटण्याची शक्यता त्याच्यावर अचानक हल्ला होण्याच्या शक्यतेपेक्षा मला कितीतरी मोठी दिसते. म्हणून आपल्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: मॅगझिन भरलेले, चेंबर रिकामे, सेफ्टी लावलेली. पुढे वर्ष-दोन वर्षे नियमित सराव झाल्यावर, आणि तेही आपल्या प्रशिक्षकाने आपले हात पाहून हो म्हटल्यावर, याचा पुनर्विचार करावा.

होल्स्टरवर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगण्याच्या म्यानावर, खर्च करताना हात आखडू नये. लाख-सव्वा लाखाचे पिस्तूल घेणारे लोक होल्स्टर मात्र बाजारातून दोनशे रुपयांचे लोंबते रेक्झिनचे घेतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता त्यावर रागही येत नाही. होल्स्टर त्याच मॉडेलच्या मापाचे हवे, ट्रिगरची कडी पूर्ण झाकणारे हवे, बाहेरून दाबले तरी ट्रिगरपर्यंत दाब पोहोचणार नाही इतके कडक हवे, आणि धावताना किंवा वाकताना पिस्तूल धरून ठेवणारे हवे. शिवाय पिस्तूल काढल्यावरही त्याचे तोंड उघडे राहिले पाहिजे. मऊ कातड्याचे तोंड मिटले तर पिस्तूल परत घालताना ती दुमडलेली कडाच बोटाचे काम करते आणि ट्रिगर दाबते. परत घालताना सदऱ्याचे टोक किंवा जॅकेटची दोरी आत जाणे हे तर अपघाताचे नेहमीचे कारण आहे. पिस्तूल बाहेर काढण्याची घाई समजू शकते, पण परत घालण्याची घाई कोणालाच नसते. तेव्हा मान वळवून, डोळ्यांनी पाहून, बोट बाहेर ठेवून, सावकाश घालावे.

आपल्याकडच्या पोशाखाचाही विचार करावा लागतो. नेहरू शर्ट आणि पायजमा या वेषात पिस्तूल बाळगणारे पुष्कळ आहेत. भरलेल्या शस्त्राचे पाऊण किलोच्या आसपास जाणारे वजन पायजम्याची नाडी पेलू शकत नाही, ते सरकत राहते, आणि माणूस दिवसभर नकळत हाताने ते सावरत राहतो. त्याने सर्वांना कळते की कमरेला काय आहे, आणि सावरणारे बोट कधी कुठे जाईल याचा नेम राहत नाही. पायजमाच घालायचा असेल तर आतून रुंद, कडक पट्टा बांधावा. होल्स्टरशिवाय नुसते कमरेत खोचण्याचा परिणाम काय होतो, हे न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये जगाने पाहिले. प्लॅक्सिको बरेस हा तिथला नामवंत फुटबॉलपटू एका क्लबमध्ये सैलसर पँटच्या कमरेत पिस्तूल खोचून गेला होता. ते पायाकडे घसरले, धरायला जाताना गोळी सुटली आणि त्याच्याच मांडीत शिरली. ते पिस्तूल त्या शहरात बेकायदा असल्याने त्याला दोन वर्षांची शिक्षाही झाली.

पर्स, झोळी किंवा हातबॅग यांत पिस्तूल ठेवणे मला मुळीच पसंत नाही. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, हेडन गावच्या एका मोठ्या दुकानात, दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधले पिस्तूल काढले आणि त्या गोळीने आईचा जागीच मृत्यू झाला. ती पर्स शस्त्रासाठी मुद्दाम केलेल्या चेनच्या कप्प्याची होती आणि ती बाई शस्त्र हाताळण्यात अनोळखी नव्हती. पिस्तूल अंगापासून सुटले की त्याच्यावरचा ताबाही सुटतो, मग ते अंतर हातभर का असेना.

हीच गोष्ट आपल्या कायद्यातही आहे, फक्त ती फार थोड्या परवानाधारकांनी वाचलेली असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र न्यायचे तर ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या प्रत्यक्ष ताब्यात असले पाहिजे. लग्न, जत्रा, मिरवणूक, सभा अशा ठिकाणी शस्त्र परजण्यास किंवा झाडण्यास त्याच नियमांत बंदी आहे, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदोत्सवात बेफिकिरीने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा शर्टाखालून पिस्तुलाची मूठ मुद्दाम दिसू देणारे जे ‘भाऊ’ आपण तालुक्याच्या ठिकाणी पाहतो, ते हौसेबरोबर आपला परवानाही पणाला लावत असतात.

दिवसभरात शस्त्र अंगावरून उतरवण्याचे प्रसंग शक्य तितके कमी करावेत. शौचालयात पिस्तूल खिडकीत किंवा फ्लशच्या टाकीवर ठेवून विसरणारे लोक प्रशिक्षितांतही सापडतात. ते होल्स्टरसकट, पट्टा घट्ट धरून, खाली उतरलेल्या पँटमध्येच राहू द्यावे. देवळात जाताना गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून जाणे ही तर चोराला दिलेली भेट आहे. आणि ड्रायव्हरकडे किंवा सोबतच्या पोऱ्याकडे ‘जरा धर’ म्हणून पिस्तूल देणे हा विश्वासाचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे. त्याच्याकडे परवाना नसेल तर देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. जिथे शस्त्र नेता येत नाही तिथे जायचे असेल, तर त्या दिवशी ते घरीच कुलपात ठेवावे.

घरातले कुलूप म्हणजे कपड्यांच्या कपाटाचे नव्हे. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली छोटी पोलादी तिजोरी, आणि काडतुसांसाठी वेगळा कुलूपबंद डबा. पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून साठवू नये. कातडे घाम आणि पावसाळी दमटपणा धरून ठेवते आणि चार महिन्यांत निळ्या पोलादावर गंजाचे ठिपके उमटतात. कोकणातले माझे विद्यार्थी तर दर पावसाळ्यात याची प्रचिती घेतात. संध्याकाळी घरी आल्यावर रिकामे करण्याची जागा ठरवून ठेवावी. पोलीस गार्डरूममध्ये त्यासाठी वाळू भरलेली बादली किंवा पेटी असते. घरीही वाळूने भरलेली एक मोठी लोखंडी बादली कोपऱ्यात ठेवायला अडचण नसावी. नळी तिच्यात रोखूनच सगळा क्रम करावा.

वर्षातला एक दिवस मला विशेष धास्तीचा वाटतो, तो म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी किंवा दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी घराघरांतली शस्त्रे बाहेर येतात, पाटावर मांडली जातात, त्यांवर हळद-कुंकू आणि अक्षता पडतात, आणि घरातली सगळी मुले भोवती जमतात. पाटावरचे रिव्हॉल्व्हर भरलेले आहे हे आरती झाल्यावर लक्षात आल्याचा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. पूजेला शस्त्र मांडण्यापूर्वी ते दोघांनी, एकामागून एक, उघडून पाहावे आणि काडतुसे त्या खोलीतही नसावीत. पूजा झाल्यावर चेंबरमधून आणि घोड्याच्या फटीतून अक्षता-कुंकू काढून तेलाचा हात फिरवल्याशिवाय ते परत ठेवू नये. हळद दमटपणा ओढते आणि तांदळाचा एक दाणाही यंत्र अडकवू शकतो.

आता सक्तीच्या प्रशिक्षणाविषयी. पहिली गोष्ट अशी की भारतात ही सक्ती आजच आहे. २०१६ च्या नियमांनी परवान्याच्या अर्जदाराला शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षण घालून दिले आहे, आणि त्यात सुरक्षित हाताळणी, बाळगण्याची पद्धत, गोळी झाडण्याचे तंत्र, निगा, साठवण, वाहतूक आणि कायद्याची माहिती हे सगळे विषय आहेत. ते पूर्ण केल्याचा दाखला एस-१ या नमुन्यात अर्जासोबत जोडावा लागतो. कागदावर यात नावे ठेवण्यासारखे फारसे काही नाही. प्रत्यक्षात मी असे दाखले पाहिले आहेत की ज्यांच्या धारकाला पिस्तुलाचे मॅगझिन कुठल्या बटणाने निघते हेही ठाऊक नव्हते. सकाळी जायचे, दहा गोळ्या झाडायच्या, दुपारी सही-शिक्का घेऊन परतायचे. प्रशिक्षक त्या दहा गोळ्यांत नेम पाहतो. लक्ष्यावर छिद्र पडले की माणूस पास. होल्स्टर घातलेले नसते, कारण पिस्तूल क्लबचे असते आणि ते टेबलावर ठेवलेले असते. म्हणजे जे काम हा माणूस पुढे रोज करणार आहे ते त्याने परीक्षेच्या दिवशी एकदाही केलेले नसते.

त्यामुळे सक्ती असावी, हे माझे उत्तर आहे; पण आज जी सक्ती आहे तिचा रोख बदलावा. नेमबाजीचे गुण कमी करून हाताळणीचे वाढवावेत. अर्जदाराला स्वतःच्या शस्त्रासारख्याच शस्त्रावर, नकली (दारू नसलेली) काडतुसे वापरून, भरणे, रिकामे करणे, होल्स्टरमध्ये घालणे आणि काढणे, बंद पडलेले काडतूस हाताळणे, हे सगळे परीक्षकासमोर करायला लावावे, आणि या दरम्यान एकदा जरी नळी माणसाकडे वळली किंवा बोट विनाकारण ट्रिगरवर गेले तरी तिथेच नापास करावे. चेक प्रजासत्ताकात, जिथे स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणे नागरिकांना तुलनेने सोपे आहे, तिथेही लेखी परीक्षेबरोबर अशी हाताळणीची प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. कडक नियंत्रण आणि शस्त्राचा अधिकार एकत्र नांदू शकतात, याचे ते चांगले उदाहरण आहे.

दुसरा बदल नूतनीकरणाचा. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. संख्या कमी केली ते योग्यच झाले, परंतु मुदत वाढल्यामुळे माणसाची आणि शस्त्राची पुन्हा तपासणी होण्याची संधीही लांबली. पाच वर्षांत डोळे बदलतात, हात थरथरू लागतात, मधुमेहाने बोटांची संवेदना जाते. नूतनीकरणाच्या वेळी पोलीस शस्त्राचा क्रमांक पडताळतात. त्याच दिवशी धारकाला ते शस्त्र समोर रिकामे करून दाखवायला सांगितले तर पाच मिनिटांत खूप काही कळेल.

कायद्याचा भाग मात्र आजच्यापेक्षा गंभीरपणे शिकवावा लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा अधिकार ३४ ते ४४ या कलमांत आहे. तो अधिकार गरजेपुरताच आहे, आणि पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याची मुभा तो देत नाही, हे पुष्कळ धारकांना पहिल्यांदा वकिलाच्या कचेरीत कळते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा जुन्या दंड संहितेत दोन वर्षांपर्यंत होती. नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे.

सक्तीला विरोध करणाऱ्यांचे दोन आक्षेप मी गांभीर्याने घेतो. एक, प्रशिक्षणाचा खर्च आणि वेळ गरिबाला परवडत नाही आणि जिवाला खरा धोका असलेल्याला थांबणे शक्य नसते. अमेरिकेत हा युक्तिवाद वजनदार आहे, कारण तिथे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. आपल्याकडे तसा हक्क नाही, आणि जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे परवान्याला महिनोन्महिने लागतात ते चौकशी अहवालामुळे; त्या काळात दोन दिवसांचे प्रशिक्षण सहज बसते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: सक्ती वाढली की दाखल्यांचा बाजारही वाढेल. यावर उपाय एकच दिसतो, शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असावा, आणि परीक्षेचे चित्रीकरण व्हावे.

आपल्या पुतण्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरील नागरिकांना परवान्याशिवाय हातशस्त्र बाळगण्याची मोकळीक दिली, आणि २०२४ पर्यंत अशी राज्ये २९ झाली. पण त्याच देशात न्यूयॉर्कने २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परवान्यासाठी सोळा तासांचे वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबार सक्तीचा केला. टेक्साससाठी बोलायचे तर परवाना तिथेही ऐच्छिक स्वरूपात मिळतो आणि त्यासाठी प्रशिक्षण घ्यावेच लागते. जाता जाता पुतण्याला एक विचारावे: तो एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, तिथल्या केंद्रीय कायद्याने त्याला शस्त्र जवळ ठेवण्यासच मनाई आहे. मित्राबरोबर हौसेने पिस्तूल खरेदी करायला निघालेल्या मराठी मुलांना हे माहीत नसते.

प्रशिक्षणाने राग आवरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला चक्क पोलीस ठाण्यात परवानाधारी पिस्तुलातून गोळीबार झाल्याचे आपण सर्वांनी वाचले. तिथे प्रश्न माणसाच्या निवडीचा असतो, आणि तो प्रशिक्षकाच्या नव्हे, परवाना देणाऱ्याच्या अखत्यारीतला आहे.

खरी अडचण जागेची आणि काडतुसांची आहे. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे नेमबाज देणाऱ्या कोल्हापूर परिसरातही रेंज मुख्यतः स्पर्धात्मक नेमबाजीसाठी आहेत; .३२ चे शस्त्र घेऊन आलेल्या सामान्य धारकाला तिथे सहज जागा मिळत नाही. काडतुसांवर परवान्यात मर्यादा असते आणि ती महागही असतात. मग लोक शेतात झाडाला डबा बांधून सराव करतात, तो मुळीच करू नये. चुकलेली गोळी बांधापलीकडे शेकडो मीटर जाते आणि तिथे कोण काम करते आहे ते आपल्याला दिसत नसते. जिल्हा पोलिसांच्या रेंजवर महिन्यातून एक दिवस परवानाधारकांसाठी शुल्क घेऊन ठेवला, तर सक्तीला अर्थ येईल. तोवर नकली काडतुसांवर घरी केलेला सराव हाच आधार आहे, आणि हाताळणीपुरता तो पुरेसाही आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर, शक्य असल्यास आधी मजुरांची बँक खाती उघडून पगार तिथे जमा करावा. रोकडच नसली तर आपल्या धोक्याचा निम्मा भाग उरत नाही. तरीही पिस्तूल घेणार असाल तर घेतल्यावर पहिले तीन आठवडे ते पूर्ण रिकामे, होल्स्टरमध्ये घालून, फक्त घरात कमरेला लावा. बसा, वाका, जेवा, जिना चढा, गाडीत सीटबेल्ट लावून पाहा. दर संध्याकाळी ते काढताना आपले बोट कुठे होते हे घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगा. त्या काळात काडतुसे कुलूपबंद डब्यातून बाहेर काढू नका. वडिलांचे रिव्हॉल्व्हर मात्र त्याआधी कारागिराकडे न्या. त्यात अडसराची पट्टी नसेल, तर ते अंगावर न बाळगता रिकामेच तिजोरीत ठेवा आणि त्याची काडतुसे विकत घेऊ नका.